कोंड्याला घेतलेली

बरा होत आलेला पेशंट फार गोड वागतो, असा लोकांचा समज आहे. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणतो, बाई, तुमच्यामुळे मला नवा जन्म मिळाला. माझ्या सगळ्या नोकरीत असं मला दोनच माणसं म्हणाली, आणि त्यातलं एक बरं झालेलं नव्हतं. बाकीचे बरे होता होता भांडखोर झाले. लहानपणी ज्यांचे हाल झाले ती माणसं मोठेपणी मुकाट असतात. मान खाली घालून ‘हाव जी, हाव जी’ करतात. असा माणूस ज्या दिवशी तुमच्यावर खेकसतो, त्या दिवशी केसपेपरवर ‘सुधारणा’ लिहायला हरकत नाही. हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही, शिव्या खाऊन शिकले.

मी नांदेडची. लातूरला नोकरीवर आले तेव्हा जिल्हा नवा कोरा होता, उस्मानाबादेतून वेगळा काढलेला. कचेऱ्यांच्या पाट्यांवर ‘तालुका’ पुसून ‘जिल्हा’ रंगवलं होतं, आणि उन्हात बघितलं की खालचा ‘तालुका’ अजून दिसायचा. साहेब नवे, जीप नव्या, खुर्च्या नव्या. नळ तेवढे जुने, आणि तेही कोरडे, कारण पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. गल्लीत टँकर आला की नव्या जिल्ह्याच्या बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. मीही एकदोनदा उपटल्या आहेत.

एका संस्थेच्या दवाखान्यात मला मागच्या अंगाची खोली मिळाली होती. संस्थेचं नाव घेत नाही. दारावर पाटी होती, ‘सल्ला व मार्गदर्शन’. ती कोणी वाचत नसे, लोक मला ‘बोलायच्या बाई’ म्हणत. डोक्याचे डॉक्टर दर गुरुवारी बाहेरगावाहून येत, पाच मिनिटांत एक माणूस उरकत, गोळ्या लिहीत, आणि गोळ्यांनी भागणार नाही असं वाटलं की माझ्या खोलीकडे बोट दाखवत. बहात्तरच्या दुष्काळात जी पोरं सात-आठ वर्षांची होती, ती आता विशी ओलांडून माझ्यासमोर येऊन बसत होती. एक शाळामास्तर होता, उशीखाली भाकरीचा तुकडा असल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. बायकोला मुंग्यांचा वैताग आला म्हणून ती त्याला घेऊन आली होती. दुष्काळाचं नाव कोणी काढत नसे. मुंग्यांचं काढत.

माझ्या खोलीत एक माठ होता. बाहेर हंडाभर पाण्यासाठी मारामाऱ्या चालत, पण हा माठ संध्याकाळपर्यंत भरलेला राहायचा. त्याचं कारण साधं होतं. पेशंटबरोबरची माणसं बसली की आधी माझं गाव विचारायची, मग आडनाव. आडनाव ऐकलं की आम्ही बौद्ध हे त्यांना कळायचं, आणि अचानक कोणालाच तहान नसायची. मला याचा राग येत नसे, असं मी तेव्हा सांगत असे. खोटं सांगत असे.

ती पहिल्यांदा आली ती सासूच्या पुढे, ढकलल्यासारखी. वय एकवीस-बावीस, माहेर कंधारकडचं, सासर रेणापूरचं, घरची शेती. लुगड्याच्या पदरानं दोन-अडीच महिन्यांची मुलगी छातीशी आवळून बांधलेली. नवरा दाराबाहेर चपला राखत उभा राहिला. सगळं सासूच बोलली.

“हिनं माझ्या लेकीच्या हाताचा लचका तोडला, बाई. बाराव्या दिवशी! पाव्हणे जेवून राहिले, आन् ही चावली. आमी काय तिचं पोर खाणार हाव का? कुनाला हात लावू देत न्हाई. माझ्या लेकाला बी देत न्हाई. न्हायला जाती तर पोर घेऊन, परसाकडं जाती तर पोर घेऊन.”

“यांना बोलू द्या,” मी म्हटलं.

“ती काय बोलती? ती चावती.”

मग तिनं माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, पदर सावरला आणि पिशवीतून स्वतःचा तांब्या काढून पाणी प्यायली. सून माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली.

खरं सांगते, मला ती आवडली नाही. पहिल्या तीन गुरुवारी तिनं जे काही म्हटलं ते सगळं मिळून एका ओळीत बसेल. “तुला पोरं किती?” असं तिनं विचारलं. लग्न झालेलं नाही, असं मी सांगितलं. “मग तुला काय कळतंय,” म्हणाली आणि पुन्हा कॅलेंडर. मी पुस्तकात शिकलेले सगळे मऊ प्रश्न विचारले. ते तिच्या अंगावरून गेले. तिसऱ्या गुरुवारी मी सासूला बाहेर बसायला सांगितलं. सासूनं मला ऐकू जाईल अशा बेतानं माझ्या जातीचा उद्धार केला आणि बाहेर जाऊन दारालाच पाठ लावून बसली.

चौथ्या गुरुवारी उन्हं अशी होती की खोलीचा पत्रा तडतडत होता. ती उठली, माठाजवळ गेली, पेला भरला, दार पायानं उघडलं आणि सासूच्या डोळ्यांदेखत घटाघटा प्यायली. मग दुसरा पेला भरून तोही प्यायली. हे माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हतं, सासूवरच्या खुन्नसपोटी होतं. पण दार पुन्हा लावून ती बसली आणि बोलायला लागली.

“मी उकिरड्यावरली हाय,” ती म्हणाली.

ही रीत आता फारशी राहिलेली नाही, म्हणून सांगते. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिचं नवं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. आई पाठ फिरवून उभी राहते. शेजारची कोणी बाई येते, आईच्या पदरात ओंजळभर कोंडा टाकते आणि लेकरू उचलते. म्हणजे तिनं ते कोंड्याला विकत घेतलं. मरण शोधत येतं, तर आईजवळ लेकरू नाही, नुसता कोंडा. लेकराची काही किंमत नाही असं समजून ते माघारी जातं. तासाभरात लेकरू परत आईच्या मांडीवर. सगळा देखावा असतो, आणि तो देखावा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या आधी तीन भावंडं गेली होती, म्हणून तिच्या आईनं तिला उकिरड्यावर ठेवली आणि शेजारणीनं घेतली. तिचं नावही त्या रीतीवरूनच ठेवलेलं होतं.

मग दुष्काळ आला. ती आठ वर्षांची होती. बाप कामाच्या शोधात निजामाबादेकडे आधीच गेला होता. एके सकाळी आईनं दोन धाकट्या पोरांना घेतलं, गाठोडं बांधलं आणि हिचा हात धरून शेजारणीच्या दारात गेली.

“मायनं माझा हात तिच्या हातात देला. म्हनली, तूच घेतली व्हतीस, तुझीच हाय, सांभाळ. आन् पाठ फिरवली.” तिनं बसल्या जागी मान वळवून दाखवली. “अशी.”

शेजारणीला स्वतःची चार होती. तिनं हिला खडी फोडायला कामावर नेलं. कामावर पोरांना सरकारची सुकडी खायला मिळायची, ती हिच्या हातातून काढून शेजारीण आपल्या पोरांना वाटायची. हिला चुलीजवळ बसवून कोंड्याची पेज द्यायची आणि म्हणायची, “कोंड्याला घेतली तुला, कोंडाच खा.” पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सगळे हसले. मग रोज म्हणायची, आणि कोणी हसायचंही बंद झालं.

“रोज दुपारी मी उकिरड्यावर जाऊन बसायचे,” ती म्हणाली.

“का?”

माझ्या अडाणीपणाचा तिला राग आला. “न्यायचं असंल तर तिथूनच नेतेत ना? मी घरात बसले आन् माय तिकडं बघून गेली तर?”

दोन वर्षांनी आई आली. बरोबर एकच भाऊ होता. दुसरा कुठे गेला ते कोणी सांगितलं नाही आणि विचारायची हिची छाती झाली नाही. आईनं हिला घरी आणलं. बोलली नाही, जवळ घेतलं नाही, पंधराव्या वर्षी लग्न लावून दिलं. हिचं पहिलं मूल गेलं. दुसरी ही मुलगी. आणि बाराव्या दिवशी सासूनं सूप काढलं, कोंडा काढला आणि नणंदेला म्हणाली, चल, घे.

“म्हणून चावलीस,” मी म्हटलं.

“हाव. आन् आनखी चावन.”

जाताना ती दारात थांबली. “हे भाईर गेलं तर तुझं तोंड बघनार न्हाई.” मी कपाट उघडून दाखवलं, तिचा केसपेपर आत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. तिनं किल्लीकडे नीट बघून घेतलं.

पुढच्या गुरुवारी सासूनं मला बाहेर गाठलं. रीत होणार म्हणजे होणार, मुलीला दात यायच्या आत होणार. सुनेनं होऊ दिली तर ठीक, नाहीतर पोरगी रेणापुरात राहील आणि आई माहेरी जाईल. “येड्या बाईच्या हाती लेकरू कोन ठेवतंय?” ती म्हणाली, आणि खरं तर तिच्या बाजूनं तिचं चूक नव्हतं, एक नातवंड पुरून झालं होतं तिचं. पण मला तिच्या बाजूनं विचार करायचा नव्हता. मी तिला चार शब्द सुनावले. परिणाम असा झाला की त्यानंतर दोन गुरुवार कोणीच आलं नाही.

त्या दोन आठवड्यांत मला दुसरं काही सुचेना. मुलगी गेली हिची, असंच मनात यायचं. आणि माझा सगळा राग त्या कंधारकडच्या आईवर जाऊन बसला, जिला मी बघितलंही नव्हतं. आठ वर्षांच्या लेकीला सोडून पाठ फिरवते, आणि आता लेकीची लेक जाते तर ही कुठे आहे? तिला इथे आणायचं, लेकीसमोर बसवायचं आणि जाब विचारायचा, असं मी ठरवलं. तारीख चुकलेल्या पेशंटला कार्ड टाकायची दवाखान्याची पद्धत होती. पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावरच असायचा. पाकीट हवं तर क्लार्ककडे मागावं लागे, आणि त्या आठवड्यात क्लार्कशी माझा अबोला होता. मी कार्ड ओढलं, केसपेपरवरचा तिच्या माहेरचा पत्ता घातला आणि लिहिलं:

“आपण दुष्काळात मुलीला शेजारी ठेवून गेलात. तिथे तिचे फार हाल झाले. तिच्या आजाराचे मूळ त्यात आहे. आता तिचे मूल तिच्यापासून जाण्याची वेळ आली आहे. या गोष्टीला आपण जबाबदार आहात. येत्या गुरुवारी न चुकता लातूरला यावे.”

सही केली आणि पेटीत टाकलं. फार बरं वाटलं.

आता माझी लाज सांगते. माझे वडील पोस्टमन होते. हदगाव तालुक्यातल्या गावांत सायकलवर टपाल वाटण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सुट्टीत मी दांडीवर बसून जायची. गावात वाचणारे कमी, म्हणून कार्ड नुसतं द्यायचं नसे, वाचून द्यायचं असे. पारावर सायकल लावून वडील मोठ्या आवाजात वाचायचे आणि ज्याचं कार्ड त्याच्यासकट सगळा पार ऐकायचा. मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा. ते सांगायचे, कार्ड म्हणजे उघडी चावडी, झाकायचं असेल त्यानं पाकीट घ्यावं. हे ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि त्या आईला वाचता येत नाही हे मला तिच्या लेकीनंच सांगितलेलं होतं.

गुरुवारी त्या आल्या. पुढे तिची आई, काटक, काळी, अनवाणी, मुठीत कार्ड. मागे सासू. तिच्यामागे ती, मुलीला बांधून. आई कार्ड घेऊन थेट लेकीच्या सासरी गेली होती, लेकीला विचारायला की तू त्या बाईला काय सांगितलंस. म्हणजे आता कंधारकडच्या गावाला ठाऊक होतं, शेजारणीला ठाऊक होतं आणि रेणापूरच्या घरालाही ठाऊक होतं.

आईनं कार्ड माझ्या टेबलावर आपटलं. “हे तुमी लिव्हलं?”

“हो.”

“वाचा.”

“काय लिहिलंय ते तुम्हाला...”

“साऱ्या गावाला ठाऊक हाय. पोस्टमननं पारावर वाचलं. मी सरपन घेऊन तितंच उभी व्हते. शेजारीन बी व्हती. आता तुमी वाचा, माझ्या तोंडाकडं बघून.”

मी वाचलं. सहाच वाक्यं, पण ‘जबाबदार’ हा शब्द मी घाईनं उरकला. वाचून झाल्यावर मी मान वर केली तर ती माझ्याकडे बघत होती, माझी पेशंट. आई नव्हे.

“तू कुलूप लावलं व्हतंस,” ती म्हणाली.

मी काहीतरी बोलले. माझं चुकलं, तुझ्यासाठीच केलं, असलं काहीतरी. तिनं ऐकून घेतलं नाही. ती आईकडे वळली आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, “मला का ठेवलीस?”

“मेली असतीस,” आई म्हणाली.

“भाऊ न्हेलेस की.”

“न्हेले. धाकटा कुटं हाय मग? बोधनच्या अलीकडं सडकंच्या कडंला पुरलाय त्याला. माझ्या मांडीवर गेला.” ती लेकीशी बोलत होती, पण बघत कार्डाकडे होती. “माझ्या हाताला लेकरू टिकत न्हाई. तीन गेली तुझ्या आंदी. तू टिकलीस ते तिनं घेतली म्हनून. ती तुझी धनीन, मी न्हाई. मी न्हेली असती तर तुला बी वाटंतच पुरली असती. म्हनून जिची व्हतीस तिच्या हवाली केली.”

तो देखावा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, असं मी वर लिहिलं. त्या क्षणापर्यंत मी तसंच समजत होते. या बाईला ते ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी तो व्यवहार पक्का होता, आणि आपली लेक आपली नाही या एकाच भरवशावर तिनं तिला जिवंत मागे सोडलं होतं.

“तिनं मला कोंडा चारला,” लेक म्हणाली.

“ठाऊक हाय.”

“ठाऊक हाय?”

“वापस आले तवाच गावानं सांगितलं. कोंडा खाऊन मानूस मरत न्हाई.”



“मंग जगले ना मी? जगल्यावर तरी जवळ घ्यायचं व्हतं. एक डाव. एक डाव बी घेतलं न्हाईस.”

“भ्या वाटायचं,” आई म्हणाली. “माझा हात लागला तर?”

मला वाटलं, आता दोघी रडतील, गळ्यात पडतील. पुस्तकात तसं असतं. पण लेक उठून उभी राहिली आणि ओरडायला लागली. असं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आईला शिव्या, शेजारणीला शिव्या, खडीला, सुकडीला, मेलेल्या भावालासुद्धा शिव्या, तो मांडीवर मेला म्हणून. उकिरड्यावरची एकेक दुपार तिनं आईच्या अंगावर फेकली. टेबलावर इतक्या जोरानं हात मारला की कार्ड खाली पडलं. कुशीतली मुलगी किंचाळत होती. बाहेर पेशंट गोळा झाले, डॉक्टर दारात येऊन गेले. आई भिंतीला टेकून सगळं ऐकत उभी राहिली, एकदाही ‘गप’ म्हणाली नाही. लेक दमून खाली बसली तेव्हा सासू पहिल्यांदा बोलली, आणि हळू बोलली.

“ते सगळं असू दे. पर रीत तर करावीच लागंल, बाई. माझं बी एक गेलंय.”

“करा,” सून म्हणाली.

मी म्हटलं, “नाही, थांबा, तुझ्या मनाविरुद्ध कोणी...”

“तू गप बस.” तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. “तुझं बोलून झालं.”

आणि तिघी गेल्या.

त्या शनिवारी मी नांदेडला गेले. वडील तेव्हा रिटायर होऊन घरी होते. मी त्यांना सगळं सांगितलं, पेशंटचं गाव-नाव न सांगता. ते ऐकत सुपारी कातरत बसले होते.

“वाचलं कुनी?” त्यांनी विचारलं.

“पोस्टमननं.”

“मोठ्यानं?”

“हाव.”

“मंग त्यानं त्याचं काम केलं,” ते म्हणाले आणि कातरत राहिले. मला वाटलं होतं, ते त्या पोस्टमनला दोन शिव्या देतील. मी जेवले नाही.

तीन आठवडे काही कळलं नाही. रेणापूरची एसटी दवाखान्यावरून जायची, मी खिडकीत उभी राहून उतरणारी माणसं बघायची. रीतीच्या वेळी ती पुन्हा चावली असेल, यांनी मुलगी काढून घेतली असेल, तिला कंधारच्या गाडीत बसवून दिलं असेल. तिनं ‘करा’ म्हटलं ते हरून म्हटलं आणि तिला हरवणारी मी होते, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. चौथ्या गुरुवारी सासू एकटीच आली. तांबारलेलं तोंड, पिशवी, पिशवीत तिचा तांब्या. बसली नाही.

“काय शिकवलं तुमी आमच्या सुनंला?”

“काय झालं? मुलगी कुठे आहे?”

“पोरगी कुटं असनार, आईजवळ. रीत मोडली ना तिनं! सूप घेतलं, पोर सुपात घातली, गप जाऊन उकिरड्यावर ठेवली. मला वाटलं, चला, आली शुद्धीवर. पाठ बी फिरवली. माझी लेक कोंडा घेऊन निघाली, तर ही गर्रकन फिरली, लेकीच्या हातातला कोंडा हिसकला, सोताच्या पदरात टाकला आन् पोर उचलून घेतली. म्हनली, मी इकली आन् मीच घेतली. आता हिची धनीन मीच. साऱ्या गल्लीसमोर!” ती दम घ्यायला थांबली. “इकणारी तीच, घेणारी तीच. आशी कुटं रीत असती का? मरन हसंल की आमच्या घराला.”

मी हसले. मला आवरलंच नाही, पोट धरून हसले.

“हसून काय राहिलात?”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करनार? कोंडा तर पडला पदरात. झालीच म्हनायची रीत.” तिनं तांब्या काढला, तो रिकामा होता. तिनं माठाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तांब्या परत पिशवीत ठेवला आणि तशीच तहानलेली निघून गेली.

ती मात्र आली नाही. तिचा केसपेपर कपाटात राहिला. मी तिला कार्ड टाकलं नाही. पाकीटही टाकलं नाही.

वर्षभरानं दवाखान्यात लहान मुलांना लस टोचायचा दिवस होता. मी पाणी आणायला बाहेर आले तर ती बाकड्यावर बसलेली. अंगानं भरलेली, कोणाशीतरी तावातावानं भांडत होती, कोणाचा नंबर आधी यावरून. मुलगी तिच्याजवळ नव्हती. मग दिसली. नर्सच्या कडेवर होती. नर्सनं तिला बाकड्यावरच्या एका म्हातारीकडे दिलं, म्हातारीनं पलीकडच्या बाईकडे. मुलगी या हातातून त्या हातात जात होती, प्रत्येकीच्या बांगड्या ओढत होती, आणि तिची आई तिकडे पाठ करून आपलं भांडण पुरं करत होती.

मुलगी माझ्याजवळच्या बाईपर्यंत आली आणि माझ्याकडे झेपावली. मी हात पुढे केले.

“तू न्हाई,” मागून आवाज आला.

ती उठून आली होती. आवाज चढलेला नव्हता, नंबरासाठी भांडताना होता त्यापेक्षा खालचाच होता. तिनं मुलीला घेतलं नाही, नुसती तिला त्या बाईच्या मांडीवर मागे वळवली आणि माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणाली, “कुनी बी घेऊ दे. तू न्हाई.”

मी हात मागे घेतले. आत आले, कपाट उघडलं, तिचा केसपेपर काढला आणि शेवटच्या नोंदीखाली ‘चांगली सुधारणा’ असं लिहिलं. कुलूप लावलं. मग दाराला आतून कडी घातली आणि पुढचा पेशंट दार वाजवेपर्यंत रडत बसले.